जेवण निवतंय

माझ्या बसमध्ये गाणं म्हणायचं नाही. हा नियम कंपनीचा नाही, माझा आहे. अठ्ठावीस वर्षं मी लीड्समध्ये बस चालवतेय आणि आमच्या चॅपलटाउन भागातल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे, व्हर्ना लिबर्डच्या गाडीत चिप्स खा, भांडा, रडा, पण गायलात तर पुढच्या स्टॉपला खाली. दोघांना तर मी लग्नाच्या कपड्यांत उतरवलंय. नवरदेव होता त्यातला एक.

याचं कारण माझी धाकटी बहीण कार्लीन. तुम्ही तिला कार्ली बर्ड म्हणून ऐकलं असेल. लंडनच्या लोकांनी आमच्या बापाचं आडनाव मधोमध तोडलं आणि अर्धं तिला परत दिलं. बापानं कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून बोटीनं इथवर आणलेलं आडनाव, पण विचारतो कोण!

आम्ही दोघी चर्चमध्ये गायचो. आमच्या चर्चची एक रीत आहे. एकीनं ओळ टाकली की दुसरीनं ती उचलायची. ओळ खाली पडू द्यायची नाही. कार्लीन टाकायची, मी उचलायची. ती सात वर्षांची होती आणि मी नऊ, तेव्हापासून. कोणी ठरवून दिलं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी साली आमच्याच गल्लीतल्या एल्रॉय पेम्बर्टननं त्याच्या आईच्या माळ्यावर रेकॉर्डिंगचं मशीन आणलं. कार्लीननं एक गाणं केलं होतं, नाचायचं, ढोलबिल असलेलं. ‘उशीर होईल मला, दिवा लावून ठेव.’ ती गात होती आणि मधे जरा मोकळी जागा आली. ओळ पडायला लागली. मी काय करणार? डोळ्यांसमोर आली आमची आई. रोज संध्याकाळी हातात पळी घेऊन दारात उभी राहायची आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारायची. मी तिची नक्कल केली, पण सुरात.

‘घरी ये, घरी ये, जेवण निवतंय.’

एल्रॉय हसून हसून खुर्चीवरून पडला. “हे ठेवायचं,” तो म्हणाला. “काही झालं तरी हे ठेवायचं.”

टेप लंडनला गेली. महिन्याभरात तिथल्या रेकॉर्ड कंपनीचा फोन आला. मुख्य आवाजाची मुलगी पाठवा, साथीच्या बायका इथे आहेत. ही त्यांची नेहमीची पद्धत, गावाकडच्या टेपवरचे साथीचे आवाज पुसायचे आणि आपल्या रोजच्या बायकांना बोलवायचं. कार्लीन म्हणाली, “व्हर्न, मी त्यांना सांगते ना. तुझी ओळ राहील.” मी तिची बॅग उचलून स्टँडवर सोडायला गेले. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि तिच्यावर माझा विश्वास होता.

एकोणनव्वदच्या एप्रिलमध्ये, एका रविवारी, ते गाणं रेडिओवर, आठवड्याच्या गाजलेल्या गाण्यांच्या यादीत, चौथ्या नंबरला लागलं. आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चर्चच्या टोप्या घातलेल्या बायकासुद्धा आल्या होत्या, नाच-गाण्याला नावं ठेवत ठेवत. मी कान देऊन मधल्या जागेची वाट बघत होते. मधे कीबोर्डचं काहीतरी पॅं पॅं झालं, कोणी बायका ऊ ऊ करून गेल्या आणि गाणं संपलं. साडेतीन मिनिटं. माझी ओळ नव्हती.

मी उठले आणि भांडी घासली. त्या दिवसापासून मी गायले नाही. चर्चमध्ये नुसते ओठ हलवले, चौतीस वर्षं. देवाला कळलं असेल, पण तो बिचारा काही बोलला नाही.

कार्लीनचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरं गाणं अकरावं, तिसरं चाळिसावं. टीव्हीवर चांदीचा ड्रेस. जपानमध्ये तिच्या चेहऱ्याच्या छत्र्या विकल्या म्हणे. मग एक दिवस रेकॉर्ड कंपनीनं पत्र पाठवलं की आभारी आहोत. मग इटलीतल्या कोणासाठी गायली, जहाजांवर गायली, एका सोफ्याच्या जाहिरातीत गायली. ती जाहिरात लागली की मी टीव्ही बंद करायचे. आणि दर शनिवारी, कुठल्या ना कुठल्या गावात, टेप लावून तेच एक गाणं. लोकांना तिचं दुसरं काही नको होतं.

दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा. मी उचलायचे, तिचा श्वास ऐकायचे, आणि म्हणायचे, “मम्मी, तुझा फोन.”

मला माझी बहीण हवी होती. हे आज सांगतेय, तेव्हा जीभ कापली असती तरी सांगितलं नसतं. रात्री ताट वाढताना हात तीन ताटांकडे जायचा. पण तिनं आधी एक वाक्य म्हणावं एवढीच माझी अट होती. ‘व्हर्न, तुझा आवाज गाण्यातून काढू द्यायला नको होता मी.’ बस. ते वाक्य काही आलं नाही, आणि मी कोणी ऐरीगैरी नव्हते हात पसरायला.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. अंत्यविधीला कार्लीननं आईच्या आवडीच्या भजनाची ओळ टाकली आणि थांबली. अख्खं चर्च थांबलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी मिठाची गुळणी धरून बसले. ओळ पडली. आमच्या चर्चमध्ये मी पहिल्यांदाच बघितलं तसं.

नंतर ती हातात भाताची ताटली घेऊन माझ्याकडे आली. “व्हर्न, निदान मम्मीसाठी तरी.”

“साथीला लंडनहून बायका मागव की,” मी म्हटलं. “तुला सवय आहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली, काही समजलंच नाही असं. मला वाटलं, काय नाटकी आहे! ताटली तशीच ठेवून ती गेली. आता आईही नव्हती, त्यामुळे रविवारचे फोनही थांबले.

हे झालं मागचं. आता त्या शनिवारचं सांगते.

नोव्हेंबर महिना. दुपारी दोनच्या फेरीला सीक्रॉफ्ट भागातल्या पाच बायका चढल्या. सगळ्या पन्नाशीच्या, अंगात चकचकीत टॉप, पायांत अक्कलहुशारीनं सपाट बूट. दुपारच्या डिस्कोला निघाल्या होत्या. हल्ली हे नवीन निघालंय, आमच्या वयाच्या लोकांसाठी. तीनला सुरू, सातला बंद, नऊला गोळ्या घेऊन सगळे अंथरुणात.

“वरच्या मजल्यावर गाणं नाही,” मी सांगितलं.

“नाही हो बाई, आम्ही काय पोरी आहोत का?” त्यातली एक म्हणाली आणि चौघींना ढकलत वर गेली.

तिसऱ्या स्टॉपला सुरू झालं. उशीर होईल मला, दिवा लावून ठेव. माझं डोकं फिरलं. गाडी बाजूला घ्यायला म्हणून मी आरसा बघितला, आणि वरून पाचही जणी एका दमात, पाय आपटत:

‘घरी ये, घरी ये, जेवण निवतंय!’

मी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि जिना चढले. माझे गुडघे त्या जिन्याच्या वाटेला वर्षानुवर्षं गेले नव्हते.

“झालं, आली,” एक कुजबुजली. “जॅनिस, मी सांगत होते.”

“आत्ता काय म्हटलंत?” मी विचारलं.

“अहो, चुकलं, परत नाही.”

“परत म्हणा.”

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. जॅनिस नावाच्या बाईनं हातातला जिन दारूचा डबा पाठीमागे लपवला आणि शाळेत म्हणतात तसं हळूच म्हणून दाखवलं. सूर बरोबर होता. शेवटचं ‘निवतंय’ मी आईसारखं जरा नाकात ओढलं होतं, तेसुद्धा बरोबर होतं.

“हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

“शिकवायचं काय त्यात? गाण्यातच आहे. मधे.”

“गाण्यात नाहीये. मी ऐकलंय गाणं. रेडिओवर.”

“रेडिओवरचं सोडा हो!” जॅनिस म्हणाली. “ते तर कापलेलं. क्लबात मोठी तबकडी वाजायची, सात मिनिटांची. मधे ढोल थांबायचे, नुसत्या टाळ्या, आणि मग ही बाई. आम्ही तिच्याचसाठी तर जायचो! तुम्ही कधी क्लबात गेलाच नाहीत की काय?”

नाही गेले. चर्चमधल्या सिस्टर लिबर्डची, म्हणजे आमच्या आईची, मुलगी मी, क्लबात कशाला जाऊ?

“आज कार्ली बर्ड स्वतः येतेय,” दुसरी म्हणाली. “शेवटचंच म्हणे. सोमवारी घशाचं ऑपरेशन आहे बिचारीचं. आवाज राहील का नाही, सांगता येत नाही.”

खालून एक म्हातारा ओरडला, “अहो, ही बस आहे का पुतळा?”

मी खाली आले आणि गाडी चालवली. कशी चालवली ते विचारू नका.

साडेतीनला ड्यूटी संपली आणि मी घरी गेले. आमच्या पुढच्या खोलीत आईचा रेडिओग्रॅम आहे, रेडिओ आणि तबकड्या वाजवायचं यंत्र एकत्र, लाकडी, पेटाऱ्याएवढा. त्यावर आईनं विणलेला, कांजी घालून कडक केलेला रुमाल, त्याच्यावर काचेचा मासा. आणि रुमालाच्या खाली, लाकडाला ओरखडा पडू नये म्हणून, एक मोठी तबकडी तिच्या वेष्टनासकट. कार्लीननंच आईला पाठवली होती, गाणं आलं त्याच वर्षी. आई नाचाचं गाणं वाजवणारी नव्हती आणि लेकीची वस्तू फेकणारीही नव्हती, म्हणून तिनं ती तिथे ठेवली. दर शनिवारी मी मासा उचलायचे, रुमाल उचलायचे, वेष्टनावरच्या कार्लीनच्या तोंडावरची धूळ पुसायचे आणि परत सगळं जिथल्या तिथे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा तर हातात होता, वरून मी तो फडक्यानं पुसतही होते.

मी तबकडी लावली. सुई खरखरली. चार मिनिटं कार्लीन, वीस वर्षांची, माझा जीव कासावीस करणारी. मग ढोल थांबले, टाळ्या राहिल्या. आणि आमच्या पुढच्या खोलीत मी आले. बावीस वर्षांची, खट्याळ, कशाचीही फिकीर नसलेली. घरी ये, घरी ये. एकदा नाही, आठदा. मी जमिनीवर बसले, युनिफॉर्मसकट.

वेष्टन उलटून बघितलं. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं: दारातला आवाज, व्हर्ना लिबर्ड. तिनं सांगितलं होतं त्यांना. भांडली असेल, रडली असेल, पण ठेवायला लावलं होतं.

“मूर्ख बाई,” मी मोठ्यांदा म्हटलं, आणि ते कार्लीनला नव्हतं.

डिस्कोच्या हॉलवर पोचले तेव्हा साडेपाच वाजले होते. चारशे माणसं घामाघूम. टेबलामागे कार्लीनच्या टेपा लावत एल्रॉय, डोक्यावरचे केस गेलेले, चष्मा मात्र दोरीला बांधलेला.

“व्हर्ना लिबर्ड!” तो म्हणाला. “आज सूर्य कुठून उगवला?”

“तू मला का नाही सांगितलंस?”

“काय?”

“मी गाण्यात आहे म्हणून!”

त्यानं चष्मा काढला. “तुला माहीत नव्हतं? अगं, चार वेळा त्या गाण्याचा विषय काढला, चारही वेळा म्हणालीस, परत नाव घेतलंस तर बसमधून उतरवीन. एकदा उतरवलंस! आम्हाला वाटलं, तुला त्याची लाज वाटते.”

कार्लीन मंचावर होती. जाड झाली होती. सोनेरी ड्रेस, सपाट बूट, हातात पंखा. गात होती, आणि वरच्या सुराला गेली की तिच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ होत होत्या. मला बघवेना.

“एवढ्या वर का गातेय ती? घसा फाटेल.”

“फाटलाच आहे की,” एल्रॉय म्हणाला. “पाच वर्षं सांगतोय, टेपची पट्टी खाली घेतो. सगळेच घेतात या वयात, कोणाच्या बापाला कळत नाही. तर म्हणते, बाकीच्यांची थोडी घे, पण आपल्या त्या गाण्याची नाही घ्यायची. टेप खाली घेतली की व्हर्नपण खाली जाते. बाप्यासारखी वाटते. ती मग व्हर्न राहत नाही. ते एक गाणं ती अजून वीस वर्षांची असल्यासारखं गाते, दर शनिवारी, का तर तुझा आवाज बिघडू नये. मधे लोकांकडे पाठ करून उभी राहते, ती तुला ऐकायला. लोकांना वाटतं स्टाइल आहे.”

 वेळ नव्हता, ते गाणं शेवटी यायचं होतं.

“एल्रॉय, पट्टी उतरव.”

“काय?”

“तीन घरं. चार. तिला सोसेल तितकी. आणि मधे माझी टेप बंद कर.”

“आणि मधे काय वाजवू, माझं टक्कल?”

“माईक दे इकडे.”

त्यानं माईक हातातच धरला. “व्हर्न, तू कधीपासून गायली नाहीस.”

“तुला हिशेब विचारला नाही मी. दे.”

गाणं सुरू झालं. पहिल्याच सुराला कार्लीन चमकली. तिनं एल्रॉयकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर जागीच जळाला असता. हातानं खूण केली, वर घे, वर घे. एल्रॉय छताकडे बघत बसला. मग तिला गावंच लागलं, खालच्या पट्टीत. आणि काय सांगू, मानेच्या शिरा बसल्या. आवाज आला तो जाड, उबदार, निवांत. आईचा आवाज होता तो. तिला स्वतःलाही कळलं असावं, कारण एका ओळीला ती जरा अडखळली.

मग मधली जागा आली. तिनं लोकांकडे पाठ केली. ढोल थांबले. टाळ्या सुरू झाल्या. आणि टेप गप्प.

मागून मला तिचे खांदे दिसत होते. एक टाळी, दोन, तीन. खांदे हळूहळू खाली आले. तिला वाटलं असेल, शेवटच्या दिवशी हेही गेलं. चारशे माणसं वाट बघत होती. ओळ पडत होती.

मी तोंड उघडलं तर नुसती हवा आली. लाज वाटली, रडू आलं, स्वतःचाच राग आला. त्या रागानंच बहुतेक घसा मोकळा झाला.

“कार्लीन,” मी गायले, जे तबकडीवर नाही. “घरी ये. घरी ये. जेवण निवतंय.”

सुरेल नव्हतं. बसचा जुना ब्रेक लागावा तसा माझा आवाज. पण ओळ मी उचलली. कार्लीन वळली नाही. मी परत गायले. जॅनिस आणि तिच्या चौघींनी मला बघितलं आणि किंचाळल्या, “अगं, ही तर बसवाली!” तिसऱ्यांदा सगळा हॉल माझ्याबरोबर होता. चौथ्यांदा ती वळली. पुढचं गाणं तिनं गायलंच नाही. लोकांनी गायलं. ती नुसती उभी होती, माझ्याकडे बघत, पंखा तोंडावर धरून.

नंतर मागच्या खोलीत, सोड्याच्या क्रेटवर आम्ही दोघी बसलो. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. पण कार्लीन कधी कोणाचं ऐकते?

“रेडिओवर नव्हतं गं,” मी म्हटलं.

“रेडिओवर साडेतीनच मिनिटं वाजवतात, व्हर्न. म्हणून तर मोठी पाठवली मम्मीकडे.”

“माशाखाली होती.”

“चौतीस वर्षं?”

“मी धूळ पुसायचे तिच्यावरची.”

ती हसली, खोकली, परत हसली. मग हसू गेलं. “मला वाटलं तुला लाज वाटते. चर्चच्या बायका काय म्हणतील म्हणून. कितीदा वाटलं विचारावं. दर शनिवारी तू मला घरी बोलवायचीस, व्हर्न. मी पाठ फिरवून ऐकायची. आणि रविवारी फोन केला की म्हणायचीस, ‘मम्मी, तुझा फोन.’”

  मी तिची बॅग उचलली आणि आम्ही घरी आलो. घरात आदल्या दिवशीचा बकऱ्याच्या मटणाचा रस्सा होता, आई करायची तसा, लवंग घातलेला. मी गरम करायला घेतला तर तिनं पातेलं हातातून ओढून घेतलं आणि उभ्या उभ्या तसाच गार खाल्ला.

सोमवारी ऑपरेशन झालं. गाठ निघाली. आवाज येईल का, आला तर कसला येईल, डॉक्टरांनाही ठाऊक नाही. दोन महिने एक शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. ती वरच्या खोलीत असते, आमच्या जुन्या खोलीत, आणि मी खाली स्वयंपाकघरात. एवढी वर्षं मी गप्प बसले, तेव्हा तिच्याकडे आवाज होता. आता मला बोलायचंय, तर तिच्याकडे नाही. रात्री वाटतं, एकदा, फक्त एकदा तिनं वरून ओळ टाकावी.

बसमध्ये आता मी कोणाला अडवत नाही. गा बाबांनो, गा.

संध्याकाळी ड्यूटीवरून येते, गॅस पेटवते, ताटं मांडते आणि पळी हातात घेऊन जिन्याशी उभी राहते. “कार्लीन! घरी ये, जेवण निवतंय!” घरातच आहे ती, तरीही तसंच म्हणते. मग कान देते. आधी काहीच ऐकू येत नाही. मग वर, लाकडी जमिनीवर, तिची टाच वाजते. एकदा, आणि मग परत एकदा, तालात.